दहा मिनिटांवर

"करडेशेठ, असे पुढे या. हात पसरा. आणखी पसरा! म्हणजे पाणी थेट तुमच्या ओंजळीत पडल्यासारखं दिसेल."

बार्शीच्या गुळवेशेठनी मला खांद्याला धरून त्या पुतळ्यासमोर उभं केलं. सिंगापुरातली आमची पहिली सकाळ होती. समोर पांढराशुभ्र पुतळा, वरून सिंह, खालून मासा, आणि तोंडातून पाण्याची धार. मी ओंजळ पसरली, गुळवेशेठनी फोटो काढला, बाकीचे हसले. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात माझ्या अंगात दुसऱ्याचा सफारी आहे, खांद्याला दोन बोटं मोठा. पुतळा धड सिंह नाही, धड मासा नाही. आणि त्याच्यापुढे मी.

कारण मी शेठ नव्हतोच. फलटणला दोशीशेठच्या भांड्यांच्या दुकानात, दाराशी पोतं टाकून, भांड्यांवर नावं घालायचो. लग्नामुंजीला कुणी पातेलं घेतलं, कुणी डबा घेतला की पावती घेऊन माझ्याकडे येणार. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट.' माझे वडील हातोडीनं टोचून टोचून नाव घालायचे. माझ्या हातात विजेचं पेन आलं. ते टर्रर्र करत धावतं, टिंबाला टिंब लागतं आणि डोळ्याला सलग रेघ दिसते. बत्तीस वर्षं हेच केलं. अर्ध्या तालुक्याच्या फडताळात माझं अक्षर आहे, हे मी फुशारकीनं सांगत असे.

शहाण्णव साली एका स्टीलच्या कंपनीनं दुकानदारांसाठी स्कीम काढली. एवढा माल उचला आणि सिंगापूरला फिरून या. दोशीशेठनी माल उचलला, पण ऐन वेळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ते म्हणाले, "विसू, तू जा. बत्तीस वर्षं पोत्यावर बसलायस, एकदा विमानात बस. पण तिथं कारागीर म्हणून सांगू नकोस हं, कंपनीला चालायचं नाही. पार्टनर म्हण." आणि सफारी दिला.

तर असा मी करडेशेठ झालो. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कुणी नुसतं 'करडे' म्हणालं तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

शहर मात्र बघण्यासारखं, हो! रस्ता असा की त्यावर पान वाढावं. माझ्या तोंडात सुपारी होती, थुंकायला जागा सापडेना, शेवटी गिळली. लिफ्टमध्ये जीव मुठीत. तमिळ लोकांच्या वस्तीत भांड्यांची दुकानं बघितली, तीच आपल्यासारखी पातेली, तेच डबे, पण सगळी कोरी. एकावरही नाव नाही. मी दुकानदाराला खुणेनं विचारलं, नाव कुठं घालता? त्याला कळेना. मला त्या भांड्यांची दया आली. गुळवेशेठ म्हणाले, "करडेशेठ, इथंही शाखा काढता की काय?" सगळे खो खो हसले आणि मीही शेठसारखा पोट धरून हसलो.

सफारीच्या आतल्या खिशात तेव्हा येसूआत्याची चिठ्ठी होती.

येसूआत्या आमच्या आळीतली. नात्यानं कुणी नाही, पण सगळ्यांची आत्या. लग्नाच्या कार्यालयात भांडी घासायची. घासायची म्हणजे कशी, तर तिथं दहा घरची, देवळाची, मंडळाची भांडी एकत्र झालेली असत. आत्याला वाचायला येत नव्हतं. ती राखेच्या हातानं भांड्याच्या काठावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "ह्ये निंबाळकराचं. ह्ये रामाच्या देवळाचं. ह्ये तुझ्या बापानं घातलंय, ह्ये तू." एकदा मी तिची परीक्षा घेतली, डोळ्यांवर पदर बांधून. वीसांतली वीस बरोबर.

तिचा बाप केरू रामजी शेलार. दुसऱ्या महायुद्धात खडकीच्या सॅपर पलटणीतून बोटीनं सिंगापूरला गेला, तेव्हा आत्या आईच्या पोटात होती. बेचाळीस साली सरकारी कागद आला, 'बेपत्ता'. मेला असं कुणी म्हटलं नाही, जिवंत आहे असंही नाही. आत्याच्या आईनं कुंकू पुसलं नाही. चाळीस वर्षं पितृपक्ष आला की शेजारणी म्हणायच्या, अगं, एक पान वाढ त्याच्या नावानं. ती म्हणायची, "आन उद्या दारात हुभा ऱ्हायला, मग? जित्या माणसाचं पान वाढलं म्हनून माझ्या तोंडाकडं बघंल का?" ती गेली तीही कुंकवासकट, हिरव्या चोळीत. मग ती वाट बघणं आत्याच्या पदरात आलं.

मी निघायच्या आदल्या दिवशी आत्या दुकानात आली. कुणा सुभेदारानं तिला सांगितलं होतं की सिंगापुरात क्रांजी म्हणून जागा आहे, तिथं टेकडीवर भिंती आहेत आणि ज्यांची मढी सापडली नाहीत त्यांची नावं त्या दगडांत कोरलीत.

"विसू, तू कागद लावून पेन्शील घासतोस न्हवं, जुन्या भांड्यावरचं नाव उतरायला? तसा माझ्या बाबाच्या नावाचा ठसा आन. मला हात लावून बघायचाय."

"आणि नाव नसलं तर, आत्या?"

"तर न्हाई म्हनून सांग. मी समजंन, कुठंतरी हाय. पर एक काय ते ठरू दे. नाव असलं तर औंदा पान वाढीन. पंचावन वर्साची झाले, अजून बापाला एक घास घातला न्हाई मी."

मी तिच्या बापाचं नाव आणि पलटण एका चिठ्ठीवर लिहून घेतली. मग तिनं पदराखालून पुडकं काढलं. भाजक्या शेंगदाण्यांचे गूळ घालून केलेले लाडू, सात. "आई म्हनायची, त्याला लई आवडायचं. भिंतीपाशी ठेव. मुंग्या खाऊंदेत न्हाईतर पाखरं."

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "तिथं पोचलो की पहिलं तुझं काम, मग बाकीचं." अगदी असंच म्हणालो.

आमची गाईड तिथलीच, तमिळ घरातली, सेल्वी नावाची. पन्नाशीची, चष्म्याची दोरी गळ्यात. तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बाकीचे लांब आहेत असं बघून मी तिला चिठ्ठी दाखवली. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, "आपका फॅमिली है?"

"हां," मी म्हणालो. "फॅमिलीच."

तिचा चेहरा एकदम बदलला. म्हणाली, "आज झू जाना है ना? झू से बस में दस मिनट. ड्रायव्हर मेरा अपना आदमी है. मैं बस में सब को पूछेगी. कोई ना नहीं बोलेगा, सर. ऐसे काम को कौन ना बोलेगा?"

झू बघितलं. माणसाएवढं तांबडं माकड टेबलापाशी बसून केळं सोलत होतं, त्याच्याशेजारी गुळवेशेठनी फोटो काढला. हत्तीनं लाकडं उचलली. माझं लक्ष नव्हतं. पुडकं पिशवीत होतं आणि वरच्या खिशात पेन्सिल. आम्ही बसमध्ये बसलो. सेल्वीनं माईक हातात घेतला.

"यहां से दस मिनट पर वॉर मेमोरियल है. लड़ाई में जो सोल्जर गया, मिला नहीं, उनका नाम उधर है. हमारे बस में एक सर का फॅमिली का नाम भी है. बीस मिनट रुकेंगे, ओके?"

सगळ्यांच्या माना फिरल्या.

"कुणाचं हो?" कुणीतरी विचारलं.

गुळवेशेठ पुढच्या सीटवरून अर्धे उठून मागे बघत होते. "आपल्यापैकी? छे, छे. बाईची काहीतरी गफलत झाली. आपण दुकानदार माणसं, आपल्या घरचं कोण शिपाईगडी होऊन परमुलखात मरायला येतंय! आणि आता कब्रस्तान बघायचं म्हणजे पक्ष्यांचा खेळ चुकणार, तीनचा आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं, "काय करडेशेठ, बरोबर की नाही?"

सेल्वी माझ्याकडे बघत होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. चिठ्ठी कुणाची ते ती सहज सांगू शकली असती. ती फक्त थांबली, मी बोलावं म्हणून.

काय अडलं होतं मला? 'माझ्या आत्याचे वडील' म्हटलं असतं तर कुणी मला बसमधून उतरवलं नसतं. गुळवेशेठ माणूस वाईट नव्हता, जीभ चावून आधी तोच खाली उतरला असता. पण मग पुढचं आलं असतं. कोण आत्या? काय करते? भांडी घासते? आणि तुम्ही, करडे, नक्की काय करता? मला ते आलेलं दिसलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "पक्षी बघू."

सेल्वीनं माईक तोंडाशी नेला. "सॉरी, माय मिस्टेक," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला हातानं सरळ जायची खूण केली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी आज तोंड वर करून बोललो असतो. पण पिशवी मांडीवर होती, पुडक्याचा कागद वाजला आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, "अय्या, शेंगदाण्याच्या लाडवाचा वास येतोय, कुणी आणलेत?" झालं! आपल्या लोकांची बस ती. गुळवेशेठ म्हणाले, "करडेशेठ, लपवून खाता काय? वाटा, वाटा!" पुडकं माझ्या हातातून गेलं. सात लाडू, अर्धे अर्धे करून बसभर फिरले. मला घरचं काही खाऊन तीन दिवस झालेत, असं प्रत्येक जण म्हणत होता. "वहिनींचा हात काय सुरेख आहे!" मी मान डोलावली. माझ्या वाट्यालाही अर्धा आला आणि तो मी खाल्ला. गोड लागला, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट.

शेवटचा अर्धा सेल्वीपुढे धरला. "नो, थँक यू," ती म्हणाली. मग माझ्याजवळून पुढे जाताना कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलली, "सर, कल सुबह फ्री टाइम है. ट्रेन जाता है उधर. मैं कागज पर लिख के देगी."

तिनं खरंच लिहून दिलं. कुठं बसायचं, कुठं उतरायचं, उतरून कुठल्या बाजूला चालायचं, बाणसुद्धा काढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चार तास मोकळे होते. मी गुळवेशेठबरोबर बाजारात गेलो आणि वाफेची इस्त्री घेतली.

घरी आलो. येसूआत्या लगेच आली नाही. माणूस दमून आलाय, दोन दिवस जाऊ देत, असं तिनं आळीत सांगितलं म्हणे. ते दोन दिवस मला पुरे झाले. दुपारी दुकान बंद असताना मी पितळी पत्र्याचा तुकडा घेतला आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत 'केरू रामजी शेलार' असं नाव घातलं, सरकारी वाटावं असं ठळक. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. कागदावर नाव उमटलं. चार हातांवरून बघितलं, जवळून बघितलं. दगडावरचंच वाटत होतं. माझ्या आयुष्यातलं तेवढं नीट काम दुसरं नसेल.

आत्यानं कागद दोन्ही हातांत घेतला. आधी कपाळाला लावला. मग गुडघ्यावर पसरून अंगठा फिरवायला लागली, सावकाश, एकेका अक्षरावर थांबत. मध्येच अंगठा मागे नेला आणि पुन्हा तिथूनच फिरवला.

"ह्येच का रं माझ्या बाबाचं नाव?"

"हेच, आत्या."

"दगुड कसा हाय?"

"पांढरा. गार."

"लाडू?"

"ठेवले. सातही."

मग ती रडली. पदर तोंडात धरून, आवाज न करता. माझ्या बायकोनं तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे अशा अभिमानानं बघितलं की मला उठून मोरीत जावं लागलं.

त्या पितृपक्षात आत्यानं बापाचं पहिलं पान वाढलं. भात, वरण, आमसुलाची चटणी, वडे, खीर आणि कडेला एक शेंगदाण्याचा लाडू. सारी आळी जेवायला. पान कौलांवर ठेवलं आणि ठेवतो न ठेवतो तोच कावळा आला. बायका म्हणाल्या, "बघा, कसा वाट बघत हुता जीव!" मला आत्यानं पहिल्या पंगतीत, मानाच्या पाटावर बसवलं. "माझ्या बाबाला ह्यानं घरी आनला," असं ती प्रत्येकाला सांगत होती. मी जेवलो. दुसऱ्या वर्षी जेवलो. तिसऱ्या वर्षीही जेवलो.

चौथ्या वर्षी, श्रावण सरत आला असताना, आत्या दुकानात आली. हातात नवं पितळी ताम्हन.

"ह्याच्यावर बाबाचं नाव घाल."

"मराठीत घालू?"

"घाल कसं बी. मला काय वाचायचंय."

मी पेन लावलं. टर्रर्र. ती माझ्या हाताकडे बघत पायरीवर बसली होती. नाव घालून मी फडक्यानं ताम्हन पुसलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं अंगठा फिरवला, एकदाच. मग कमरेच्या पिशवीतून तो कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. तिनं एक अंगठा ताम्हनावर ठेवला आणि एक कागदावर.

"त्या सुभेदाराची लेक सिंगापूरला जाऊन आली," ती म्हणाली. "तिच्या चुलत्याचं नाव हाय त्या भिंतीवर. असाच कागद लावून ठसा आनलाय तिनं. काल मी हात लावला. रेघ सलग हाय, विसू. विळीनं चिरल्यावानी. त्यात टिंबं न्हाईत."

बाजूला ठेवलेलं पेन चालूच होतं. तिनंच हात पुढे करून बटण बंद केलं.

"पयल्या दिशीच बोटाला लागलं हुतं मला. म्हटलं, बोट म्हातारं झालं. विसू लबाडी करायचा न्हाई. मी माझ्या बोटाला खोटं पाडलं रं, तुला न्हाई."

"आत्या, चुकलो मी," मी म्हणालो. पाय धरायला वाकलो, तिनं पाय मागे घेतले.

"त्ये ऱ्हाऊ दे. म्या इचारते तेवढं सांग. गेला हुतास का तिथं?"

"नाही."

"लांब हुतं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. लांब होतं म्हटलं असतं तर तिनं कदाचित मानलंही असतं.

"दहा मिनिटांवर होतं, आत्या."

बाहेर एक गिऱ्हाईक पावती घेऊन उभं होतं, ते आमची तोंडं बघून मागे सरलं.

"मग बाबाचं नाव हाय का तिथं?"

"ठाऊक नाही."

"न्हाई, ह्ये बी ठावं न्हाई?"

"ठाऊक नाही, आत्या."

"मंग तीन वर्सं मी कुनाला जेवू घातलं रं?" आवाज चढला नाही तिचा. ती मला खरंच विचारत होती. "आई म्हनायची, जित्या माणसाचं पान वाढू नगं. मी वाढलं. तुझ्या कागदावर वाढलं. आता त्यो असला तर? नसला तर? कुनाला इचारू मी आता?"

ती उठली. ताम्हन माझ्या पोत्यावर ठेवलं.

"ह्ये मी न्हेत न्हाई. खरं आनशील तवा न्हेईन."

त्या पितृपक्षात तिनं पान वाढलं नाही. आळीतल्या बायकांनी विचारलं तर म्हणाली, औंदा अंगात बळ न्हाई. माझं नाव तिनं कुणापुढे काढलं नाही, माझ्या बायकोपुढेही नाही. मानाच्या पाटावरून उठवलं असतं, चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. रस्त्यात भेटली की "जेवलास का?" एवढं विचारायची आणि पुढे जायची. पुढची नऊ वर्षं तशीच. मग एका थंडीत गेली.

नऊ वर्षं कमी नव्हती. पैसे जमवता आले असते, दोशीशेठकडे मागता आले असते. मी भीत होतो. तिथं नाव नसलं, तर मी मेलेल्या बाईला काय सांगणार? ही भीती आजची. तेव्हा तर ती जिवंत होती, तेव्हा कशाला भीत होतो? आता सून म्हणते, बाबा, त्या भिंतीवरची सगळी नावं कॉम्प्युटरवर आहेत, मला नाव सांगा, एका मिनिटात बघून देते. मी तिला नाव सांगितलेलं नाही.

दहा मिनिटांचं एका मिनिटावर आलं आणि मी अजून तिथंच बसलोय.

ताम्हन दुकानात माझ्यामागच्या फळीवर आहे. दर सोमवारी चिंचेनं घासतो. नवी गिऱ्हाइकं बघतात, जुन्या घडणीचं आहे म्हणून किंमत विचारतात. मी सांगतो, ते विकायचं नाही, त्यावर नाव घातलंय. ज्याचं आहे ते गिऱ्हाईक न्यायला यायचंय.